थोरल्या जाऊबाईंची गाडी

४ मार्च, सोमवार

आली एकदाची! दुकानात गिऱ्हाईक समोर असताना सासूबाईंचा फोन — ‘अगं, थोरल्याची गाडी आली, ये लवकर!’ जणू नातू झालाय.

घरी पोचले तर सगळी गल्ली गोळा झालेली. काळी कुळकुळीत, लांबलचक गाडी — अर्धी फाटकात, अर्धी रस्त्यावर. वळेचना! थोरले भाऊजी हसत म्हणाले, ‘आपलं फाटकच जुन्या पद्धतीचं.’ म्हणजे चूक फाटकाची.

किंमत ऐकून हे नुसतं ‘बरं’ म्हणाले. तेवढ्यात आमच्या चष्म्याच्या दुकानासारखी चार दुकानं झाली असती, वर त्यांना एसी. चार चाकं, एक स्टिअरिंग — आमच्या जुन्या गाडीलाही तेवढंच आहे की!

जाऊबाई पायरीवर उभ्या होत्या. ‘छान आहे हो ताई,’ मी म्हटलं. म्हणताना दात कसे करकरले, ते माझं मला ठाऊक.

५ मार्च

दिवसभर डोक्यात तीच. एका बाईंचे डोळे तपासताना नंबर चुकीचा सांगितला. त्या म्हणाल्या, ‘मघाशी तर दिसत होतं!’

९ मार्च

भाऊजींनी अंगणातलं लिंबाचं झाड तोडलं. गाडी वळायला जागा हवी म्हणून. मी लावलेलं, मी वाढवलेलं! ह्यांना म्हटलं, ‘तुम्ही तुमच्या दादांना काही बोलला नाहीत?’ तर म्हणे, ‘झाडच आहे ना.’ स्वतः मात्र खिडकीत उभे राहून गाडीकडे असे बघत होते, की लग्नात माझ्याकडेही पाहिलं नसेल.

जाऊबाई वर आमच्या मजल्यावर येऊन म्हणाल्या, ‘मला वाईट वाटलं गं.’ वाटणारच! फुकटचं वाईट वाटायला काय जातं?

१३ मार्च

आज बसले त्या गाडीत. सासूबाईंना दातांच्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं, मी सोबत.

ठरवून गेले होते, नावं ठेवायची. आणि काय सांगू! दार लागलं आणि जगाचा आवाज बंद. खड्डा आला — दिसला, पण लागला नाही! सीट पाठ दाबून देते. पायाखाली मऊ गालिचा, चप्पल काढून ठेवावीशी वाटली. दुकानात उभं राहून राहून आखडलेली माझी कंबर पहिल्यांदा ढिली पडली. पैसा न् पैसा वसूल आहे. कुणाला सांगणार नाही, पण आहे.

म्हणूनच तर जास्त जळले. वाईट असती तर किती बरं झालं असतं!

जाऊबाई पुढे बसलेल्या. मान ताठ, पाठ सीटला टेकवतसुद्धा नाहीत. महाराणी! भाऊजी सारखे त्यांना — ‘दार हळू. हात पुसलेस का? डोकं टेकू नको, केसांचं तेल लागतं.’ तेवढी काळजी आमच्या गाडीची कुणी केली असती, तर तिचं दार दोरीने बांधावं लागलं नसतं.

१७ मार्च

हे आज दिवसभरात माझ्याशी बोलले ते एवढंच — ‘मीठ कमी आहे’ आणि ‘किल्ली कुठंय?’

२१ मार्च

भांडण. ह्यांचं म्हणणं, दुकान वाढलं नाही ते माझ्यामुळे. ‘तू गिऱ्हाइकाला स्वस्तातली फ्रेम दाखवतेस. दादाला बघ, लिफ्ट विकतो, नको असलेल्याच्याही गळ्यात मारतो!’

मी म्हटलं, ‘महागड्या फ्रेममधून जास्त दिसतं का?’

‘दिसत नाही. पण लोक आपल्याकडे बघतात!’

कपाट आपटून गेले. मी वाटीभर उरलेली भाजी उभ्याउभ्याच खाल्ली. मनात आलं, जाऊबाई आत्ता खाली निवांत बसल्या असतील. त्यांच्यावर कुणी आवाज चढवत असेल?

२६ मार्च

जाऊबाई दुकानात आल्या! हे नव्हते. डोळे तपासून घेतले. ‘लांबच्या पाट्या नीट वाचता यायला हव्यात,’ म्हणाल्या. ‘अनोळखी रस्त्यावरच्या.’

म्हणजे आता स्वतः चालवणार! ही बाई, ती गाडी, मोकळा रस्ता!

फ्रेम सगळ्यात स्वस्तातली घेतली. ‘दुसरी बघा ना,’ मी म्हटलं, जरा टोमणाच होता. ‘नको गं, हे माझ्या पैशातून आहे,’ म्हणाल्या आणि हसल्या. त्यांना असं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. दातांत फट आहे, इतक्या वर्षांत आज कळलं.

त्यांचं तसं हसणंही मला सहन झालं नाही. काय हे माझं मन!

३० मार्च

गाडीवर चरा! फाटकाची कडी घासली. जाऊबाईंवर ओरडणाऱ्या भाऊजींचा आवाज वरपर्यंत. जाऊबाईंचा अजिबात नाही. हे मात्र गालातल्या गालात हसत होते. मीही. खोटं का लिहू?

२ एप्रिल

जाऊबाई गेल्या. एक बॅग घेऊन, भाड्याच्या टॅक्सीने. दुसऱ्या शहरात मुलींच्या वसतिगृहावर नोकरी धरलीय. सासूबाईंच्या पाया पडून सरळ सांगितलं — ‘आई, मी परत येणार नाही.’ भाऊजी अंगणात खांबासारखे उभे.

हे म्हणाले, ‘वेड लागलंय वहिनीला! काय कमी होतं?’

मी टॅक्सी वळेपर्यंत बघत राहिले. जुनीपुराणी, धूर सोडणारी, मागचा दिवा फुटलेला.

इतका हेवा मला कुठल्याच गाडीचा वाटला नव्हता.