यादीतलं शेवटचं नाव

३ नोव्हेंबर, सोमवार
१. अमरावतीहून दहाच्या एसटीने दर्यापूरला आले.
२. सुंदराबाईंची मागची खोली मिळाली. अंगणात त्यांचा विकायचा झेंडू.
३. काम: फर्निचरच्या दुकानाच्या वेबसाइटवर त्रिमितीय खोली दाखवायची. ऑफिसातला शुभम म्हणाला, शांत जागी बसून कर.

जागा छान आहे. सुंदराबाईंना काकू म्हणते. एकटी काहून आली, त्यांनी विचारलं. कामासाठी, म्हटलं. "काम तं घरीबी होते," म्हणाल्या आणि चहा दिला.

४ नोव्हेंबर
नमुना म्हणून हीच खोली टेपने मोजली. पलंग, टेबल, घड्याळ, स्टूल, या क्रमाने कोडमधल्या यादीत घातले. चित्र दिसेना. कंपोनंट, म्हणजे खोली दाखवणारा कोडचा तुकडा, पानाला जोडला जाण्याआधीच कॅनव्हासची, चित्राच्या चौकटीची, रुंदी मोजत होते. शून्य येत होती. जोडल्यावर मोजली, पडद्यावर खोली उभी राहिली. पान बंद होताना वस्तू मेमरीतून काढणारा कोड लिहिला आणि पान बंद केलं.

दिवसभर कोणाशी बोलले नाही. सवय आहे.

५ नोव्हेंबर
सकाळी खोलीत स्टूल नाही. काकूंना विचारलं. "कोनता स्टूल? इथं स्टूल कवा होता बाई?"

पान उघडलं. यादीतही नाही. चूक सापडली: कोड सगळ्या वस्तू काढत नाही, फक्त यादीतली शेवटची काढतो.

योगायोग असेल.

६ नोव्हेंबर
पडताळलं. पान बंद केलं. भिंतीवर घड्याळ नाही. खिळ्याचं भोकही नाही.

पान पुन्हा उघडलं. यादी: पलंग, टेबल, वर्षाली. उंची १५८ सेंटिमीटर.

माझं नाव. माझी उंची. मी लिहिलेलं नाही.

आता पान बंद करायचं नाही. कोड दुरुस्तही करता येत नाही. सेव्ह केलं की पान आधी बंद होतं, मग उघडतं.

७ नोव्हेंबर
लाइनच्या कामामुळे सकाळपासून वीज नाही. लॅपटॉपची बॅटरी ३१ टक्के. ती संपली की पान बंद होणार.

चहा आला नाही. काकू दाराशी आल्या. अनोळखी बाईला विचारावं तसं आदराने विचारलं, "खोली पाहाले आल्या काय तुमी?" पान तर अजून उघडंच आहे.

११ टक्के. शुभमला फोन लागत नाही —

४ टक्के. शुभम, ही वही टेबलावर ठेवते. टेबल यादीत माझ्या आधी आहे, ते राहील. शोधत इथे आलास तर काकूंना एवढंच कळव, की या खोलीत वर्षाली नावाची