कागदावरचे तीन फूट

गुरुवार, मालेगाव

घराला पूर्वेकडून एक खोली वाढवायची आहे. तिचा नकाशा आज मंजूर होऊन आला. शिक्का, सही, सारं आहे. आणि त्यात पूर्वेला, शेजारच्या काकूंच्या बाजूला, तीन फूट मोकळी जागा.

इंजिनिअर म्हणाला, "वहिनी, ते तीन फूट कागदावरच असतात. भिंत हद्दीपर्यंत न्या. सारेच तसं करून राह्यले."

सारेच! पश्चिमेच्या शेजाऱ्यानं हेच केलं. त्याच्याही नकाशात तीन फूट होते. तेव्हापासून माझ्या स्वयंपाकघरात भर दुपारी बल्ब लागतो. पोळी करपली की वासावरून कळतं.

आमचे हे म्हणाले, "आपनच कायले शहाणं व्हावं? तेवढ्यात दिवाण मावला असता."

खोटं कशाला लिहू? तो दिवाण क्षणभर मलाही दिसला होता. नाही मावला तर खाली झोपेन!

संध्याकाळी मिस्त्रीनं पायासाठी चुन्याची रेघ थेट हद्दीवर मारली. मी ती पायानं पुसली. टेप लावला आणि तीन फूट आत स्वतः दुसरी मारली. मिस्त्री हसला. हसू दे. आता पुसून दाखवा म्हणावं कोणी!

काकू त्यांच्या चुलीजवळच्या खिडकीतून पाहत होत्या. "काहून वं, एवढी जागा सोडली?"

"नकाशात आहे, काकू."

त्या खिडकीतली नेहमीची मिठाची बरणी सकाळपासून दिसत नव्हती; खिडकीसमोर भिंत येणार म्हणून उचलली असावी. काकू आत गेल्या, बरणी घेऊन आल्या आणि परत जागेवर ठेवली.