मंगळवारची मेंढरं

दोहा, फरीज बिन ओमरान
९ सप्टेंबर १९८४

तीर्थरूप बायडावहिनींना केरबाचा वाकून नमस्कार.

हे पत्र हातात पडेल तोवर तुमची कंबर सरळ झालेली असो, दादाचा खोकला गेलेला असो आणि म्हैस व्यालेली असो. मी ठीक आहे. अंजनाचं पत्र मिळालं. नवऱ्याला म्हणून तीन ओळी होत्या. दोन तब्येतीच्या आणि तिसरी, येताना काही आणू नका, इथं सगळं आहे. त्यावर मी फार विचार केलेला नाही. (हे पत्र तिच्यासमोर मोठ्यानं वाचायला हरकत नाही. ताजे कलम मात्र गोठ्यात जाऊन वाचा.)

वहिनी, माझ्या हातून एका परक्या गावाचं भलं झालं आहे, आणि तेही चुकून, म्हणून सविस्तर लिहितो. माझा साहेब नॉर्वेचा. (बर्फाचा देश. तिथला माणूस इथल्या उन्हात कसा टिकतो ते त्याचं त्यालाच ठाऊक.) त्याची म्हातारी आई तिकडं समुद्रकाठच्या लहानशा गावात एकटी राहते. वस्ती चारशे. मी त्याला रोज अल वक्र्याला कामावर नेतो, तेव्हा तो वाटेत आईची पत्रं वाचून मला सांगतो. इंग्रजी त्याचंही उसनं आणि माझंही. तर तो म्हणाला, उन्हाळ्यात दर मंगळवारी गावात नऊशे 'शीप' येतात. शीप म्हणजे मेंढरू, हे गुरुजींनी पाचवीत घोकून घेतलं होतं. म्हातारीच्या पायरीवर बसतात, फुलं तुडवतात, दार उघडं दिसलं की थेट स्वयंपाकघरात शिरतात. सगळं पटण्यासारखं होतं. आबांची दीडशे मेंढरं राखून मी मोठा झालो, त्यामुळं गाडी चालवता चालवताच सल्ला दिला. त्यांच्या पुढं एक माणूस चालवा, त्याच्या काठीला लाल फडकं बांधा, बाकीची मुकाट मागं येतात. पाणी एकाच जागी द्या. अंगणाला दोरी लावा. दिवस मावळायच्या आत मोजून परत घालवा. (तिकडं उन्हाळ्यात दिवस मावळतच नाही म्हणाला. मी म्हटलं, मग घड्याळ बघा.) मी सारखं 'त्यांना, त्यांना' म्हणत होतो, म्हणून त्यालाही काही कळलं नाही. त्यानं सगळं वहीत उतरवून आईला कळवलं.

पुढं तीन आठवड्यांनी तो म्हणाला, ते आईच्या मांजराचे फोटो काढतात. तेव्हा मला शंका आली. कागदावर चित्र काढायला लावलं, तर सात मजली बोट निघाली! तो 'शिप' म्हणजे बोट म्हणत होता; मेंढरं नव्हतीच, बोटीतून फिरायला आलेली नऊशे माणसं होती. मी लाजेनं मेलो. पण तोवर म्हातारीनं माझा सल्ला गावच्या पंचांपुढं ठेवला होता. आता तिथं काठीला लाल फडकं बांधलेला एकजण पुढं चालतो, नऊशे माणसं मागून निघतात, चर्चच्या आवारात कॉफी पितात आणि वेळेवर बोटीत चढतात. म्हातारीनं खूश होऊन मला लोकरीचे मोजे पाठवले. (इथं चाळीस डिग्री आहे. दादाला होतील.)

मोज्यांबरोबर चिठ्ठी होती, ती साहेबानं वाचून दाखवली. म्हातारी लिहिते, माणसं वाईट नाहीत. हसतात, वस्तू देतात, सगळ्याला छान म्हणतात. त्यांच्यासाठी मी चांगले कप वेगळे ठेवले आहेत. बोट कधी सुटणार हे त्यांच्याआधी मला ठाऊक असतं. साहेबाला हसू आवरेना. मला काही हसू आलं नाही.

घरी सगळ्यांना नमस्कार. मी मजेत आहे.

आपला दीर,
केरबा

ता. क. मागच्या रजेत अंजना मला रोज फुलाफुलांच्या कपातून चहा द्यायची, बशीसकट. तुम्ही सगळे कान तुटलेल्या कपांतून प्यायचात. मला तो मान वाटला होता. माझ्या परतीची तारीख तिनं चुलीमागं भिंतीवर कोळशानं लिहिली होती. मी बघितली होती.

ता. क. दुसरा. साहेबाला काल 'खलास' सांगून टाकलं. दिवाळीच्या आधी कायमचा येतो. अंजनाला कळवलेलं नाही, भीती वाटते. नऊ वर्षांत तिची घडी बसली आहे, त्यात मी मावेन का, ते तिच्याकडून हळूच काढून घ्या. मी विचारलं म्हणून सांगू नका.

ता. क. तिसरा. ती हो म्हणाली, तर मी यायच्या आत त्या फुलाफुलांच्या कपाचा कान तेवढा तोडून ठेवा.