अक्का तुझ्याकडं येतेय

उदगीर, चैत्र

प्रिय रत्ना,

इकडं पाण्याचे लई हाल आहेत. टँकर आला की गल्लीत नुसती रेटारेटी. पण ते राहू दे.

मागच्या आठवड्यात लातूरला अक्काकडं गेले होते. लातूर जिल्हा झाला, दवाखान्यात बाळंतिणींची गर्दी वाढली, नर्सबाईला उसंत कुठली, असंच आपण समजत होतो. संक्रांतीला ती आली नाही, त्याचंही कारण आपण तेच धरलं. भर दुपारी पोचले. दार नुसतं लोटलेलं. अक्का स्वयंपाकघरात फरशीवर पडलेली आणि घरभर दारूचा वास. मला आधी काय वाटलं सांगू? कोणता बाप्या घरात शिरला! मी मागचं दारसुद्धा उघडून पाहिलं. तेव्हा ती म्हणाली, "कुणी न्हाई गं, शिवा. मीच पिते."

गळ्यात आपलं लिंगायतांचं इष्टलिंग, आणि तोंडाला तो वास. आई गेल्यावर आपल्या दोघींच्या वेण्या घातल्या ती हीच का, मला कळेना.

दाजींच्या आजारपणात औषध म्हणून आणलेली ब्रँडी घरात उरली होती. ते गेल्यावर झोप येईना, म्हणून तिनं घोटभर घेतली. मग सुटेचना. मी जायच्या आदल्या दिवशी नुकतं जन्मलेलं लेकरू तिच्या हातातून निसटता निसटता राहिलं. घाबरून रजा टाकली, घरी आली आणि पुन्हा प्यालीच. "मला थांबताच येईना गं," म्हणून हमसून हमसून रडली.

संध्याकाळी तिच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीण नीलाबाई आल्या. एका शब्दानं रागावल्या नाहीत. म्हणाल्या, हा आजार आहे, घरच्या घरी एकदम बंद करू नका, तुझ्या नांदेडला यावरचे डॉक्टर आहेत. दारू सोडलेली माणसंही तिथं दर आठवड्याला एकत्र बसतात, एकमेकांना सावरतात. अक्का म्हणाली, "तिथं सगळे बाप्येच असतील." नीलाबाई म्हणाल्या, "असतील. पण पुढच्या बाईला तुम्ही दिसाल."

अक्का तयार झाली, पण तिची एक अट आहे. "रत्नाच्या घरी साखरेचं दुखणं हाय असं खोटं सांगून जाणार न्हाई. आधी तिला खरं कळव. तिला नको वाटलं तर मी धर्मशाळेत उतरीन." म्हणून हे पत्र. सोमवारच्या सकाळच्या एस.टी.नं आम्ही दोघी निघतोय. तुला काय वाटायचं ते वाटू दे, मलाही अजून काही सुचत नाही. फक्त स्टँडवर ये, आणि दरवेळी पडतेस तशी तिच्या पाया पड.

तुझीच,
शिवम्मा