करवलीवर चुना

४ मे
दादाचा फोन. त्याच्या सोनलचं लग्न अठराला. दाराशेजारची भिंत मी रंगवायची. हत्ती, शुभविवाह, कलश घेतलेल्या दोन करवल्या. फोन ठेवता ठेवता म्हणतो, "जयूले मांडवमा आनू नको. सोयरा काय म्हनतीन?"
माझी पोर आहे ती. नऊ वर्षांची.

७ मे
जन्मापासून जयूची कातडी धरतच नाही. घासलं की फोड, मग सालपट. सुरतच्या डॉक्टरने सांगितलं होतं, दुर्मिळ आजार, आई-बाप दोघांच्या रक्तातून येतो, कुणाला लागत नाही. दादाने गावभर केलं, माझ्या बायकोच्या, रेखाच्या माहेरचा रोग. ती तेव्हापासून त्याचा उंबरा चढलेली नाही.
थांब लेका. रंगवतो तुझी भिंत.

१० मे
जयूला समोर बसवून कागदावर काढली. म्हणते, "पप्पा, टाचना फोड ऱ्हाई गया." काढला. गुलाबी, कडेला खपलीचा तपकिरी. एकही सोडला नाही.

१४ मे
ब्राह्मणपुरी, दादाचं घर. भिंत झाली, नावं तेवढी राहिली. डाव्या करवलीच्या जागी जयू, पूर्ण उंचीची, हातापायांवर सगळे फोड. खाली नाव. नवरीची चुलत बहीण. सगळं ऑइलपेंट.
दादा शेतातून आला तो पांढराफटक. "काय शे हाई? पोरनं लगीन मोडशी का? पुसी टाक!"
बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, फार बरं वाटलं.
चुना त्यानेच कालवून दिला. मी गुपचूप दोन हात मारले. ऑइलपेंटवर चुना धरत नाही, हे त्याला कुठलं ठाऊक! चार दिवस ऊन खाल्लं की पोपडे. वऱ्हाड उतरेल तेव्हा माझी जयू दारात उभी. बघतोच मग.

१६ मे
रेखाला सांगितलं. वाटलं, खूश होईल. "आणि सोनल?" एवढंच म्हणाली.
सोनल बापाला न सांगता येते, जयूच्या पट्ट्या बदलते. फुंकर घालत, तासतासभर. माहीत आहे मला. तिचं नाव काढू नको म्हणून ओरडलो रेखावर.

१७ मे
नवरा-नवरीची राहिलेली नावं लिहायला गेलो. कलशापाशी पहिला पोपडा सुटलाय. सोनल हळदीच्या अंगाने बाहेर आली. "काका, टिकी ना हाऊ चुना?"
"टिकी," म्हटलं.
"सकाय जयूले लई या. बापले मी सांगसू."
घरी येऊन जयूला निरोप दिला, उद्या ताईने लग्नाला बोलावलंय. तिने फ्रॉक काढून ठेवलाय. बिनबाह्यांचा.
पांढऱ्या ऑइलपेंटचा डबा गाडीच्या डिकीत आहे. एक हात मारला तर कायमचं झाकेल. अजून उघडलेला नाही.