बाबांनी मुन्सफी काहून नाकारली

वाशीम, ७ मार्च १९७६

रामकिसनदादा,

काल कोर्टातल्या बाररूमात बाबांची शोकसभा झाली. तू उभा राहून म्हणला, "वडील हुशार वकील होते, पण डरपोक. मुन्सफाची नेमणूक आली, तरी वाशीम सोडायची हिंमत झाली नाही." वकील लोकं हसले. माया अंगाची आग झाली.

तू सात वर्षांचा होता, तवा तापात तुया डावा पाय लुळा पडला. अनसिंगच्या वैद्याची मालिश लागे. तीन वर्षं बाबा तुले खांद्यावर घेऊन पहिल्या मोटारीनं अनसिंगले जात, वैद्यासंग सोताबी पाय चोळत, आन तेलकट हातानंच काळा कोट चढवून अकराच्या आत कोर्टात उभे राहात. त्यातच जज्जाच्या नेमणुकीचं पत्र आलं, दूर चांद्याच्या कोर्टाचं.

"बाबा, नाही म्हणून काहून लिवलं?" मी इचारलं.

"पोरगं आता भिंतीले धरून उभं राहून राह्यलं, वच्छे. आता मालिश तोडू काय?" मंग हळूच म्हणाले, "त्याले सांगू नको. जन्मभर सोताच्या पायाले दोष देईन."

मी शब्द देला. म्हणून काल तू बोलत होता आन मी मुकाट बसली होती. हे पत्रबी टपालात टाकणार नाही. मेलेल्या बापाचा शब्द मोडता येत नाही.

तेरवीले तू येशीन, तवा मी तुयाशी बोलणार नाही. काहून, हे तुले कधीच समजणार नाही, आन त्याचाच मले लय राग येऊन राह्यला.

तुयी बहीण,
वच्छला