हजेरीच्या वहीत तुमचं नाव

तीर्थरूप तात्या,

तुम्ही जाऊन चार महिने झाले, आणि तरी पंधरा दिवसांपूर्वीच्या ग्रामसभेला तुम्ही हजर होतात. म्हणजे वहीत तरी. हजेरीच्या रजिस्टरात पानाच्या मधोमध लिहिलंय, किसन रामा माने. मी सरपंच, सभेची अध्यक्ष मी, आणि माझ्याच वहीत गेलेला माणूस गावाच्या आराखड्याला मंजुरी देऊन बसलेला. हसावं की रडावं कळेना. दुसऱ्या कुणाला मोकळेपणानं सांगण्यासारखी ही गोष्ट नाही, म्हणून तुम्हालाच लिहायला बसले. तुम्ही असता तर सगळ्यात जास्त तुम्हीच हसला असता.

पण आधी थोडं भांडून घेते. तुम्ही असताना ते कधी जमलं नाही.

नात्यानं तुम्ही माझे चुलत सासरे. लग्न होऊन आले तेव्हापासून तुमच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही मी. आणि सरपंच झाल्यावर पहिल्याच सभेत, शाळेच्या व्हरांड्यातल्या तिसऱ्या खांबाला टेकून बसलेले तुम्ही उठलात, खांद्यावरचा टॉवेल झटकलात आणि विचारलंत, "सरपंचबाई, ह्या रस्त्याचं पाणी जाणार कुठं?"

माझे मालक शेजारच्या खुर्चीवर होते. ते उत्तर द्यायला उठले. तर तुम्ही म्हणालात, "तू बस रे. गावानं तुला निवडलंय का? तिला इचारतोय म्या."

मला उत्तर येत नव्हतं, तात्या. कागद चाळत बसले नुसती. घरी आल्यावर भाकरी थापता थापता रडले. सासूबाई म्हणाल्या, घरचा माणूस असून सुनेला चारचौघांत उघडं पाडलं. दोन महिने तुमच्या दारावरून जाताना मान वळवली नाही मी. तुमच्या लक्षात आलं होतं का? आलंच असणार.

फार उशिरा डोक्यात उजेड पडला. तोवर सगळं गाव सरपंच म्हणून माझ्या मालकांशी बोलायचं. रस्त्याचं त्यांना विचारायचं, नळाचं त्यांना सांगायचं, मला फक्त 'वहिनी, चहा चांगला झालाय.' मला सरपंच समजून पहिला प्रश्न विचारला तो तुम्ही. हे तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं बघा.

आणि प्रश्न तरी किती, दर वेळी एकच. शाळेला रंग द्यायचा ठराव असला तरी तुम्ही फिरून पाण्यावर यायचात. पोरं म्हणायची, तात्या उठले, आता चहा सांगा. एकदा तुमच्या ओसरीवर बसले असताना मी विचारलं, तुम्हाला कंटाळा कसा येत नाही? तेव्हा सांगितलंत. भूकंपानंतर गाव उचलून इथं माळावर आणायचं ठरलं, तेव्हा एक साहेब नकाशा घेऊन आले होते. पत्र्याच्या शेडसमोर त्यांनी कागद पसरला आणि विचारलं, कुणाला काही सांगायचंय का?

"कोण सांगणार? घरटी माणूस गेलेलं. आमी सगळे माना खाली घालून बसलो, म्या बी. साहेबाचं काय चुकलं न्हाय, त्यानं इचारलं व्हतं. आमीच बोललो न्हाय. मागची आळी पार उताराला गेली, आन अजून तिथंच हाय." एवढं बोलून तुम्ही तंबाखू मळायला घेतलीत.

तरी मी रस्ता केलाच, तुमच्याच मागच्या आळीत. काम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी तुम्ही घरातून तांब्याभर पाणी आणलंत, गल्लीच्या वरच्या टोकाला ओतलंत आणि त्या पाण्याच्या मागं मागं चालत गेलात. पाणी तुमच्या उंबऱ्यापाशी येऊन थांबलं. "बघा सरपंचबाई. आज थांबतंय. रस्ता वीतभर उचलला की आत येणार." ठेकेदाराची माणसं फिदीफिदी हसली. मीही हसले, तात्या. तोंडाला पदर लावून का होईना, हसले.

पुढच्या पावसाळ्यात पाणी आत आलं. ज्वारीची पोती खालून भिजली. मी धावत आले तर तुम्ही ताटानं पाणी उपसत होतात. वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. तुम्ही मान वर करून म्हणालात, "आलीस व्हय? तुझ्या काकूला म्हणावं चहा ठेव. गॅस वर हाय, तो वाचलाय." बस. दोन शिव्या हासडल्या असत्यात तर मला बरं वाटलं असतं.

ह्या वर्षी सगळ्यांनी मिळून ठरवलं, पुढच्या कामांचा आराखडा गावानंच करायचा. गावफेरी काढली. बायकांनी शाळेच्या पटांगणात रांगोळीनं अख्खं गाव काढलं, आळी न् आळी, हापसा, अंगणवाडी, मसोबा. ज्याला जे हवं ते त्यानं तिथं दाखवायचं. खूप मजा आली, तुम्ही बघायला हवं होतं. लोकांनी मागितलं काय, तर सगळ्या आळ्यांना सिमेंटचा रस्ता आणि गावाच्या तोंडाशी मोठी कमान. गटारीचं नाव कुणी काढलं नाही.

मला आठवलं होतं. खोटं कशाला बोलू? तिसऱ्या खांबाकडं नजरही गेली होती. पण सगळे खुशीत होते, आणि मीच कशाला मिठाचा खडा टाकू, असं वाटलं.

त्यात सभेच्या दिवशी अर्धं गाव सोयाबीनच्या काढणीला गेलेलं. व्हरांड्यात मोजकी माणसं. ग्रामसेवक म्हणाले, कोरम भरत नाही, वही घरोघरी फिरवू. नेहमीसारखं. आणि मी हो म्हणाले. तुम्हाला ठाऊक आहे तुम्ही काय करायचात ते. महादू शिपाई वही घेऊन दारात आला की त्याला बसवायचात, पाणी द्यायचात आणि वही तशीच परत पाठवायचात. "सही सभेत देतो. सभा काय माझ्या दारात झाली का?"

म्हणून तर त्या सहीनं माझं डोकं फिरलं. महादूला बोलावलं आणि असं झाडलं की बिचारा कान धरून उभा राहिला. म्हणाला, "आईशप्पथ म्या न्हाय केली. काकूनं वही आत नेली, म्या ओसरीवर पाणी पीत बसलो व्हतो." मग नीट बघितलं. तुमची सही कशी, एका झटक्यात, शेवटी शेपूट ओढलेली. ही तशी नव्हती. एकेक अक्षर सुटं, आणि वरची रेघ नंतर दमानं ओढलेली.

तशीच उठून तुमच्या घरी गेले. काकू शेंगा निवडत होती. माझ्या हातातली वही बघितली आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "म्याच केली."

"काकू, अगं तुला लिहिता कुठं येतं?"

"तेवढंच येतं. त्यांचा हात लई थरथरायचा शेवटी. उमरग्याच्या दवाखान्यात सारखं ह्या कागदावर सही, त्या कागदावर सही. म्हणले, तू शीक. नातीच्या पाटीवर गिरवून घेतलं माझ्याकडनं." मग म्हणाली, "तोंडानं नाव घेतलं न्हाय कधी. लिवायला काय हुतंय?"

तात्या, इथं माझी तुमच्याशी एक तक्रार आहे. पाटी हातात दिलीत, अक्षरं गिरवून घेतलीत, आणि शिकवलंत काय, तर स्वतःचंच नाव. तिचं एकदा तरी शिकवायचं होतं.

मी विचारलं, पण का केलीस? ते असते तर दारात सही दिली नसती, हे तुला माहीत आहे.

"म्हाईत हाय की. पर वही आली, पान उलटलं, आन सगळ्यांची नावं. त्यांचंच न्हाय. मंग ते गेलेच म्हणायचे." शेंगा निवडता निवडता तिनं माझ्याकडं बघितलं. "माजी सही खोटी, कबूल. तुजी वही तरी खरी व्हती का, सुनंदा?"

मी सूप माझ्याकडं ओढून घेतलं आणि निम्म्या शेंगा निवडून दिल्या.

दुसऱ्या दिवशी ग्रामसेवकांना सांगितलं, ती सभा रद्द, पुन्हा घ्यायची. ते म्हणाले, "मॅडम, कशाला उकरून काढता? एक नाव खोडलं की भागतंय." मालकही म्हणाले, आपलीच बदनामी होईल. पहिल्यांदाच मी त्यांच्याकडं बघून म्हणाले, तुम्ही बसा हो. त्यांना ते वाक्य कुठलं ते लगेच कळलं. हसले आणि खरंच बसले.

आता गंमत ऐका. तात्यांची सही निघाली, ही बातमी आधीच गावभर झाली होती. लोहाऱ्याच्या बाजारातसुद्धा बोलत होते म्हणे. काढणी अर्धी टाकून माणसं आली, बायका पोरं कडेवर घेऊन आल्या. व्हरांडा भरला, पायऱ्या भरल्या. मी उठून सांगितलं की मागची वही घरोघरी फिरवलेली होती, चूक माझी आहे, सही कुणी केली ते विचारू नका, वही फिरवली कुणी ते विचारा. मग आराखडा वाचायला घेतला.

तिसरा खांब रिकामा होता. तुम्ही गेल्यापासून तिथं कुणी टेकत नाही. काकू उशिरा आली आणि सरळ तिथंच जाऊन बसली. पदराखाली तांब्या होता.

रस्त्यांची यादी संपली तशी ती उठली. "सरपंचबाई," म्हणाली. घरात मला सुनंदा म्हणणारी बाई! "पाणी जाणार कुठं?"

ह्या वेळी मला उत्तर येत होतं. मी म्हणाले, चला बघायला.

सगळी सभा उठून मागच्या आळीत आली. काकूनं वरच्या टोकाला तांब्या ओतला आणि पाण्याच्या मागं चालू लागली, तिच्या मागं मी, माझ्या मागं सारं गाव. पाणी सिमेंटवरून सरसर आलं, वळलं आणि तुमच्या उंबऱ्यावर चढलं. मधल्या आळीतली एक बाई म्हणाली, "अगं बया, मंग आमच्या घरात बी हेच व्हणार की!" त्यानंतर तासभर जो गोंधळ झाला तो काही विचारू नका. शेवटी ठरलं ते असं: आधी गटार, थेट ओढ्यापर्यंत. मागच्या आळीतला रस्ता खरवडून खाली घ्यायचा. बाकीचे रस्ते गटारीनंतर, तेही उंबऱ्याच्या खालीच. कमान सगळ्यात शेवटी. कमानवाले अजून फुगून बसलेत, बसू देत.

मग वही आली. मागच्या पानावर तुमच्या नावासमोर मीच 'मयत' लिहिलं. तुम्ही गेलात तेव्हा नोंदीच्या कागदावर सही करताना रडले नव्हते. ह्या वेळी रडले, सगळ्यांसमोर.

नवं पान काढलं. काकूपुढं शाईचा पॅड सरकवला तर म्हणाली, "अंगठा नगं." आठ दिवस रोज दुपारी मी तिच्याकडं जात होते, पाटी घेऊन. फार शिकवावं लागलं नाही, तात्या. पूर्ण नावातले दोन शब्द तिला येतच होते, एकच नवा होता. तिनं तो आधी काढला, दम घेतला आणि पुढचे दोन न थांबता लिहिले. सोजरबाई किसन माने. वरची रेघ शेवटी ओढली.

तेव्हा वहीत तुमचं नाव आहे. मधे आहे, आणि खरं आहे.

एक शब्द देते तुम्हाला. मी खुर्चीत असेपर्यंत ती वही कुणाच्या दारात जाणार नाही. आणि गटार झाली की काकूला घेऊन वरच्या टोकाला तांब्या ओतीन, पाण्याच्या मागं मागं ओढ्यापर्यंत चालत जाईन. मधेच कुणाच्या उंबऱ्यापाशी थांबलं, तर पुन्हा सभा बोलवीन.

तुमची,
सरपंचबाई